मोजलंच नाही, तर पाण्यात विष आहे की नाही हे कळणार कसं? इटलीतला बंद कारखाना, लोटे एमआयडीसी आणि आपली कृष्णा

इटलीच्या उत्तर भागातल्या व्हिचेन्झा शहरातील न्यायालयानं २६ जून २०२५ रोजी एका रासायनिक कारखान्याशी संबंधित ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. सगळ्यांच्या शिक्षेची बेरीज केली तर ती १४१ वर्षं होते. आरोप होता की कारखान्यातल्या रसायनांनी जमिनीखालचं पाणी दूषित झालं आणि तीन जिल्ह्यांतली सुमारे साडेतीन लाख माणसं त्याच्या कचाट्यात सापडली. कारखान्याचं नाव मितेनी, गावाचं नाव त्रिस्सिनो. निकाल पहिल्या पायरीचा आहे, अपिलाची वाट मोकळी आहे. तरीही पर्यावरणाच्या खटल्यांत युरोपात एवढ्या कडक शिक्षा क्वचितच झाल्या असतील.

इटलीतल्या निकालाची बातमी बेळगाव, निपाणी, खानापूरच्या वाचकांनी कशाला वाचायची, असं कुणी विचारेल. तर कारण असं. मितेनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१९ मध्ये तिची यंत्रसामग्री, पेटंट आणि उत्पादनाचं तंत्र लिलावात विकलं गेलं. घेणारी कंपनी मुंबईची लक्ष्मी ऑर्गेनिक इंडस्ट्रीज. २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरताना कंपनीनं आपल्या कागदपत्रांतच सांगितलं होतं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत फ्लोरिनयुक्त रसायनांचा प्रकल्प उभा राहणार आहे. २०२५ च्या अखेरीस परदेशी वृत्तपत्रांनी हा धागा पकडला आणि मग आपल्याकडेही चर्चा सुरू झाली. कंपनीचं म्हणणं आहे की आपण सर्व नियम पाळतो.

इथं एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. इटलीतलं यंत्र कोकणात आलं म्हणजे इटलीतलं प्रदूषणही आलंच, असं म्हणणं बरोबर नाही. यंत्र तेच असलं तरी उत्पादन वेगळं असू शकतं, सांडपाण्याची व्यवस्था वेगळी असू शकते. पण ‘काही धोका नाही’ हे विधानही तितकंच कच्चं आहे. दोन्ही बाजूंनी बोलायला लागणारा आकडा आज जनतेसमोर नाही. ही रसायनं पाण्यात, मासळीत, माणसाच्या रक्तात किती आहेत हे नियमितपणे मोजण्याची व्यवस्थाच आपल्याकडे नाही. खरा प्रश्न तिथं आहे, आणि तो फक्त लोट्याचा नाही.

ही रसायनं आहेत तरी काय?

शास्त्रज्ञ ज्यांना ‘पर्सिस्टंट ऑरगॅनिक पोल्युटंट्स’ म्हणतात, त्यांना मराठीत टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकं म्हणता येईल. यातला ‘सेंद्रिय’ शब्द सेंद्रिय शेतीतला नव्हे बरं का. इथं त्याचा अर्थ कार्बनपासून बनलेलं, एवढाच. या गटात बसायला चार गुण लागतात. पदार्थ वर्षानुवर्षं कुजत नाही, सजीवांच्या शरीरात साठत जातो, हवा-पाण्यातून हजारो किलोमीटर जातो आणि आरोग्याला अपाय करतो.

जुन्या पिढीला यातलं एक नाव चांगलं आठवत असेल, डीडीटी. मलेरियाच्या मोहिमेत गावोगाव घरांच्या भिंतींवर त्याचा फवारा मारला जायचा. दुसरं नाव एंडोसल्फान. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर विमानातून त्याची वर्षानुवर्षं फवारणी झाली आणि त्याची झळ शेजारच्या आपल्या कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यालाही लागली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली.

मितेनीत बनणारी रसायनं या कुटुंबातली नवी पिढी. त्यांना पीएफएएस म्हणतात, बोलीभाषेत ‘फॉरेव्हर केमिकल्स’. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की निसर्गातला कुठलाही जिवाणू तो सहजासहजी तोडू शकत नाही. या गुणामुळेच तेल, पाणी, उष्णता कशाचाच त्यांच्यावर परिणाम होत नाही, आणि म्हणून उद्योगांना ती हवीहवीशी वाटतात. न चिकटणारा तवा बनवताना, रेनकोटच्या कापडावर, खाद्यपदार्थांच्या कागदावर, आग विझवण्याच्या फेसात, हार्ड क्रोम प्लेटिंगच्या टाकीवरचा धूर दाबायला, सगळीकडे ती वापरली गेली. या गटात हजारो रसायनं आहेत. सगळ्यांत जास्त अभ्यास झालाय तो दोघांचा, पीएफओए आणि पीएफओएस.

डीडीटी आणि यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. डीडीटी चरबीत साठतं. पीएफएएस मात्र रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात. त्यामुळे माणसाला त्याची किती बाधा झालीय हे रक्त तपासून बऱ्यापैकी अचूक कळतं. आज रक्तात गेलेलं पीएफओए निम्म्यावर यायला साधारण दोन ते चार वर्षं लागतात. तेही नवं काही आत गेलं नाही तर.

व्हेनेतोत उशीर कुठे झाला?

त्रिस्सिनोचा हा कारखाना १९६० च्या दशकातला. पाण्यात पीएफएएस आहेत हे इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या जलसंस्थेनं केलेल्या तपासणीतून २०१३ मध्ये पुढे आलं. म्हणजे मधे चार-पाच दशकं गेली. तोवर लोक नळाचं पाणी पीत होते, विहिरीच्या पाण्यावर भाजी पिकवत होते, कोंबड्या पाळत होते. पाण्याला वास नव्हता, चव नव्हती, रंग नव्हता. कुणाला शंका यावी असं काहीच नव्हतं.

२०१३ नंतर नळपाणी योजनांवर कोळशाचे गाळणे बसवले गेले आणि पाणी सुधारलं. पण शरीरात आधी गेलेलं काढणार कसं? २०१७ पासून तिथल्या प्रादेशिक सरकारनं सर्वाधिक बाधित ‘रेड झोन’मधल्या लोकांचं रक्त तपासायला सुरुवात केली. १४ ते ३९ वयोगटातल्या १८,३४५ जणांचे निष्कर्ष नंतर प्रसिद्ध झाले. पीएफओएचं मध्यक प्रमाण होतं दर मिलिलिटर रक्तद्रवात ४४ नॅनोग्रॅम. तुलनेसाठी सांगायचं तर अमेरिकेत सर्वसामान्य माणसात हे प्रमाण अलीकडे दीडच्या आसपास आहे. १४-१५ वर्षांच्या आपल्या मुलांचे रिपोर्ट हातात पडले तेव्हा तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. ‘मम्मे नो पीफास’ या नावाची त्यांची चळवळ खटल्यातही पक्षकार झाली.

२०२४ मध्ये आणखी एक अभ्यास आला. बाधित भागात १९८५ ते २०१८ या काळात अपेक्षेपेक्षा ३,८९० मृत्यू जास्त झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. हृदयविकार, मूत्रपिंडाचा कर्करोग, अंडाशयाच्या नव्हे तर पुरुषांच्या वृषणाचा कर्करोग यांचा संबंध त्यात दिसला. हा अभ्यास गावांच्या पातळीवरचा आहे, अमुक माणूस पीएफएएसनंच दगावला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण संशोधकांना हा हिशेब मांडता आला, कारण तिथं मृत्यूंच्या कारणांची चाळीस वर्षांची नीट नोंद होती. आपल्याकडे खेड्यातल्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं जातं, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

व्हेनेतोच्या रक्ताच्या आकड्यात एक उणीव कायम राहिली. कारखान्याआधी लोकांच्या रक्तात काय होतं, पहिल्या दहा वर्षांनी काय होतं, ते कधी वाढलं, याची नोंदच नाही. तपासणी सुरू झाली तेव्हा नुकसान होऊन गेलं होतं.

धोका ठरवतात कसा?

‘किती म्हणजे धोकादायक?’ हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायला जगाला बरीच वर्षं लागली. यातलं सर्वात महत्त्वाचं काम अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झालं. पार्कर्सबर्गजवळच्या ड्युपाँट कारखान्याविरुद्ध लोकांनी खटला भरला आणि तडजोडीच्या पैशातून २००५-०६ मध्ये सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तीन शास्त्रज्ञांच्या समितीनं काही वर्षं अभ्यास करून २०१२ पर्यंत सांगितलं की सहा विकारांचा पीएफओएशी संबंध असणं संभवनीय आहे. मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉईडचे आजार, आतड्याला व्रण पडणारा कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. ज्या आजारांबाबत पुरावा पुरेसा नव्हता ते समितीनं यादीत घेतले नाहीत. म्हणूनच त्या यादीला वजन आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पीएफओएला ‘माणसात कर्करोग करणारा’ या पहिल्या गटात टाकलं. पीएफओएस ‘कदाचित करणारा’ या गटात गेलं.

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०२० मध्ये मर्यादा घातली. चार प्रमुख पीएफएएस मिळून आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे ४.४ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये. ही मर्यादा कर्करोगावरून ठरवलेली नाही. रक्तात पीएफएएस जास्त असलेल्या लहान मुलांमध्ये लस दिल्यावर प्रतिपिंडं कमी तयार होतात, या निरीक्षणावरून ती ठरली आहे.

आता जरा आपला हिशेब करून बघू. ६० किलो वजनाच्या माणसाला या मर्यादेनुसार दिवसाला साधारण ३८ नॅनोग्रॅम चालतात. तो दिवसाला दोन लिटर पाणी पीत असेल तर लिटरमागे १९ नॅनोग्रॅम असलं की मर्यादा संपली. मासे, अंडी, भाजीतून येणारं वेगळंच. पण आपल्याकडे उन्हातान्हात शेतात राबणारा माणूस दोन लिटरवर थांबतो का? चार लिटर तर सहज लागतं. मग त्याची मर्यादा नऊ-साडेनऊ नॅनोग्रॅमलाच संपते. पाश्चात्त्य देशांची मानकं आपण जशीच्या तशी उचलली तरी ती आपल्या माणसाला पुरतीलच असं नाही. आपलं पाणी, आपला आहार, आपलं हवामान धरून आपला हिशेब आपल्यालाच मांडायला हवा.

नॅनोग्रॅम म्हणजे किती सूक्ष्म गोष्ट? आपल्या भागात पाण्याची भाषा टीएमसीची. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. एवढ्या पाण्यात अवघं २८ ग्रॅम रसायन मिसळलं तर लिटरमागे एक नॅनोग्रॅम होतं. अमेरिकेनं २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि पीएफओएसची मर्यादा प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ठरवली. १०५ टीएमसीचं कोयना धरण काठोकाठ भरलेलं असताना या मर्यादेला पोचायला फक्त १२ किलो पुरेल. किराणा दुकानातला तेलाचा पत्र्याचा डबा १५ किलोचा असतो, म्हणजे त्याहूनही कमी. हा केवळ गणिताचा दाखला आहे, कोयनेच्या पाण्यात असं काही आहे असा त्याचा अर्थ नाही. पण ‘थोडंसं सांडलं, वाहून जाईल’ ही आपली नेहमीची समजूत या रसायनांना का लागू पडत नाही, ते यावरून कळावं.

आपली यंत्रणा काय मोजते?

नदीचं पाणी तपासलं जात नाही असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यक्रमाखाली महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांची मंडळं ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेतात. सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, जिवाणूंची संख्या हे नेहमीचे घटक. काही ठिकाणी जड धातू आणि ठरावीक कीटकनाशकंही अधूनमधून पाहिली जातात. पंचगंगेच्या प्रदूषणावर आपण गेली कित्येक वर्षं जी भांडणं वाचतो, ती बहुतेक या आकड्यांवरची असतात.

यातला बीओडी म्हणजे काय, हे समजलं की अडचण लक्षात येते. पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. किती ऑक्सिजन वापरला यावरून घाण किती ते ठरतं. मळी, मैला, कारखान्यातलं कुजणारं सांडपाणी यासाठी ही चाचणी उत्तम. पण पीएफएएस कुठलाच जिवाणू खात नाही. मग ते बीओडीत दिसणार कसं? एखाद्या नाल्याचा बीओडी अगदी नियमात असेल, पाणी काचेसारखं स्वच्छ असेल, मासेही पोहत असतील, आणि तरीही त्यात ही रसायनं असू शकतात. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचंही तेच. तिथलं कामही जिवाणूंच्याच भरवशावर चालतं. पीएफएएस त्यातून जशीच्या तशी पुढे जातात. उलट काही मोठे रेणू तुटून प्रक्रियेनंतर पीएफओए वाढल्याचंही जगभर दिसलं आहे.

ही रसायनं पकडायला लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री एकत्र जोडलेलं महागडं यंत्र लागतं. नमुना घेताना टेफ्लॉनचं झाकण असलेली बाटली चालत नाही, नाहीतर बाटलीतलंच रसायन मोजलं जाईल. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत हे होणारं काम नव्हे. पण देशात हे जमत नाही असंही नाही. आयआयटी मद्रासच्या संशोधकांना चेन्नई परिसरातल्या पाण्यात पीएफएएस आढळली, ते २०२४ मध्ये समोर आलं. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर या प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं आशियातलं एक प्रादेशिक केंद्र नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेत आहे. थोडक्यात, यंत्र आहे, माणसं आहेत. त्यांना नियमितपणे हे काम सांगणारा आदेश नाही.

कायदा कुठवर पोचलाय?

हा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे २००१ चा स्टॉकहोम करार. भारतानं तो जानेवारी २००६ मध्ये मान्य केला. सुरुवातीला त्यात डीडीटीसह बारा रसायनं होती. २००९ मध्ये पीएफओएस आलं, २०१९ मध्ये पीएफओए, २०२२ मध्ये त्यांचंच भावंड पीएफएचएक्सएस. पण यात मेख अशी की यादीत नवं रसायन आलं की ते भारताला आपोआप लागू होत नाही. भारतानं त्याला वेगळी मान्यता द्यावी लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं या प्रदूषकांसाठी नियम केले, सात रसायनांवर बंदी घातली आणि २०२० मध्ये मंत्रिमंडळानं त्या सातांना मान्यता दिली. त्या सातांत पीएफओएसही नाही आणि पीएफओएही नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, त्यात डीडीटीची मर्यादा आहे, पीसीबीची आहे. २०१२ च्या त्या मानकात पीएफएएसची नाही. युरोपात मात्र जानेवारी २०२६ पासून वीस पीएफएएसच्या बेरजेला लिटरमागे १०० नॅनोग्रॅमची मर्यादा बंधनकारक झाली आहे.

म्हणून ‘आम्ही सगळे नियम पाळतो’ हे वाक्य ऐकताना वाचकांनी एक प्रश्न मनात ठेवावा. कुठले नियम? ज्या रसायनासाठी मर्यादाच ठरलेली नाही, त्याबाबतीत नियम मोडण्याचा प्रश्न येत नाही. असं वाक्य बोलणारा खोटं बोलत असेल असं नाही. पण त्यातून आपल्या तब्येतीबद्दल काहीच कळत नाही.

लोटे लांब आहे, पण प्रश्न जवळचा

लोट्याचं सांडपाणी वाशिष्ठीच्या, म्हणजे दाभोळच्या खाडीकडे जातं. लोटे वसाहतीच्या प्रदूषणाबद्दल मच्छीमारांच्या तक्रारी नव्या नाहीत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात लोट्याची दखल घेतली होती. तेव्हाही प्रक्रिया केंद्र, नियंत्रण मंडळ, समित्या हे सगळं कागदावर होतं. म्हणून आज तिथल्या गावकऱ्याला नुसत्या आश्वासनावर विश्वास ठेवायला जड जातं, तर त्यात त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

वाशिष्ठीचं पाणी आपल्याकडे येत नाही, हे खरं. पण कोयनेचं बघा. घाटाखाली वीज तयार झाल्यावर कोयनेचं पाणी वाशिष्ठीत जातं, आणि धरणाखाली सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिसळून पुढे आपल्याकडे येतं. घाटाच्या दोन्ही बाजूंचं पाणी असं एकमेकांत गुंतलेलं आहे. आपल्या सीमाभागात तर नद्यांना सीमाच माहीत नाही. पंचगंगा कोल्हापूर, इचलकरंजी करून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा पुढे चिक्कोडी, रायबाग, अथणीचं शिवार भिजवते. वेदगंगा, दूधगंगा कोल्हापूर जिल्ह्यात उगम पावतात आणि निपाणी, सदलग्याला पाणी देतात. वरचा नमुना एका राज्याचं मंडळ घेणार, खालचा दुसऱ्या राज्याचं. अहवाल दोन भाषांत, दोन संकेतस्थळांवर. दोन्ही एकत्र ठेवून वाचणारं कुणी नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा पाण्याचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसला, दवाखाने भरले. या रसायनांनी दवाखाने एका आठवड्यात भरत नाहीत. त्यांचा हिशेब वीस वर्षांनी येतो.

आणि हा प्रश्न फक्त मोठ्या रासायनिक कारखान्यांचा नाही. हार्ड क्रोम प्लेटिंगमध्ये धूर दाबण्यासाठी पीएफओएस जगभर वापरलं गेलं. उद्यमबाग असो, शिरोली असो की गोकुळ शिरगाव, जिथे जिथे प्लेटिंगची कामं चालतात तिथे नेमकं काय वापरलं जातं हे विचारायला हवं. विमानतळ आणि इंधन साठ्यांवरचा आग विझवण्याचा फेस कुठला आहे, वॉटरप्रूफ कापडाच्या प्रक्रियेत काय घातलं जातं, हेही. विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे. कित्येक छोट्या कारखानदारांना ड्रममध्ये काय आहे हे स्वतःलाही ठाऊक नसतं. लेबलवर कंपनीचं व्यापारी नाव, आत काय ते पुरवठादाराला माहीत.

मागायचं काय?

एक, लोट्याच्या परिसरात आत्ताच, उशीर न करता, पहिली नोंद घ्यावी. विहिरी, बोअरवेल, प्रक्रिया केंद्राच्या आतलं आणि बाहेर पडणारं पाणी, गाळ, खाडीतली मासळी. कामगार आणि गावकरी तयार असतील तर त्यांचं रक्तही, त्यांच्या संमतीनं आणि रिपोर्ट त्यांच्याच हातात देऊन. आज आकडे कमी निघाले तर उत्तमच, कंपनीलाही ते हवेच असतील. पण पाच वर्षांनी वाढले तर ते कशाशी ताडायचं, हे तरी कळेल. व्हेनेतोकडे ही पहिली नोंद नव्हती. आपल्याला ती घेण्याची संधी अजून आहे.

दोन, कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा यांच्यावर राज्यसीमेच्या अलीकडे आणि पलीकडे अशा ठरावीक ठिकाणी वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पीएफएएसची तपासणी व्हावी. नमुने दोन्ही मंडळांनी मिळून घ्यावेत, एकाच प्रयोगशाळेत द्यावेत. पाणीवाटपासाठी दोन्ही राज्यं एकमेकांचा घनफूट न् घनफूट मोजतात. मग पाण्यात काय आहे ते एकत्र मोजायला काय हरकत आहे?

तीन, केंद्रानं पीएफओएस आणि पीएफओए यांना करारातली मान्यता देऊन २०१८ च्या नियमांत घ्यावं आणि पिण्याच्या पाण्याच्या मानकात मर्यादा घालावी. आपल्या भागातल्या खासदारांनी, मग ते बेळगाव-चिक्कोडीचे असोत की कोल्हापूर-हातकणंगल्याचे, संसदेत निदान प्रश्न तरी विचारावा. यात कन्नड-मराठी असा वाद येण्याचं कारण नाही.

चार, आकडे लोकांच्या भाषेत द्यावेत. पीडीएफच्या चाळिसाव्या पानावरचा इंग्रजी तक्ता म्हणजे माहिती दिली असं होत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिता येईल इतकी ती सोपी असायला हवी.

घरात काय लक्षात ठेवायचं?

घाबरून जाण्याचं कारण नाही, पण दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, ही रसायनं जात नाहीत. आरओ आणि चांगल्या कोळशाच्या गाळण्यानं ती बरीच कमी होतात, मात्र गाळणी वेळेवर बदलावी लागते. ही रसायनं आईच्या दुधातून काही प्रमाणात बाळाकडे जातात हे खरं असलं तरी डॉक्टर स्तनपान थांबवायला सांगत नाहीत, कारण त्याचे फायदे मोठे आहेत. कुठल्या बातमीवरून आपल्या मनानं तसा निर्णय घेऊ नये. आणि रक्तातून पीएफएएस काढून टाकणारं म्हणून बाजारात काही औषध, काढा विकायला आला तर त्याच्यापासून लांब राहावं.

मितेनीच्या खटल्यात निकाल लागला तोवर कारखाना बंद पडून सात वर्षं झाली होती. रक्तात ४४ नॅनोग्रॅम घेऊन जगणाऱ्या तिथल्या तरुण मुलीला, नवं काही शरीरात गेलं नाही तरी, सर्वसामान्य पातळीवर यायला दहा-बारा वर्षं तरी लागणार. त्या काळात तिचं लग्न होईल, मूल होईल. न्यायालयाच्या निकालानं तिच्या रक्तातला आकडा कमी होत नाही. लोट्याच्या आसपासच्या आणि आपल्या नद्यांच्या काठच्या मुलींचा आकडा आज काय आहे, हे आपल्याला माहीत नाही. तो माहीत करून घ्यायला लागतात काही बाटल्या, एक यंत्र आणि दोन राज्यांचा एक आदेश. येत्या ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत हा एवढाच प्रश्न विचारा. आमच्या पाण्यात पीएफएएस किती आहे, ते तुम्ही मोजलंत का?